ऊस, संत्री आणि एक ड्रायव्हर

(तालुका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त साखर अभियंत्यानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत माझ्या नावाखाली 'निवृत्त मुख्य अभियंता, सहकारी साखर कारखाना' असं छापलंय आणि त्याच्याखाली विषय 'ब्राझीलचा एक मोटार रेसर'. सकाळपासून तिघांनी विचारलं, दोन वक्त्यांची सरमिसळ झालीय का म्हणून. झालेली नाही. दोन्ही मीच आहे आणि या दोन गोष्टींचा संबंध काय, ते सांगायलाच उभा आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी पुण्यात शिकत होतो. रद्दीच्या दुकानात जुनी परदेशी मासिकं किलोवर मिळायची. त्यातल्या एकात एका पिवळ्याधमक रेसच्या गाडीचं पानभर चित्र होतं. त्या काळात अशा गाड्यांवर सिगारेटची नाहीतर तेल कंपन्यांची नावं असायची. या गाडीच्या अंगावर लिहिलं होतं 'कोपरसुकार'. मला वाटलं, असेल एखादं औषध. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता: ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातल्या साखर उत्पादकांची सहकारी संस्था. मी ते दोनदा वाचलं. साखरेची सहकारी संस्था, आणि तिची फॉर्म्युला वनची, म्हणजे मोटार शर्यतींच्या सगळ्यात वरच्या पायरीवरची गाडी! तिथून आमच्या गावच्या कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या जीपपर्यंत माझं मन कसं धावलं असेल, तुम्हीच बघा. (हशा)

त्या गाडीत बसणाऱ्या माणसाचं नाव एमर्सन फिटिपाल्डी. ब्राझीलचा रेसर म्हटलं की तुम्हाला सेना आठवतो. आपली नव्हे, आयर्टन सेना. (हशा) पण सेनाच्या आधी नेल्सन पिके होता आणि पिकेच्याही आधी हा. ब्राझीलनं फॉर्म्युला वनची आठ जगज्जेतेपदं जिंकली. त्यातली पहिली दोन याची, १९७२ आणि १९७४. आता गृहस्थ ऐंशीच्या घरात आहेत, माझ्यापेक्षा वयानं मोठे. पण खेळाडूला आपण एकेरीच हाक मारतो, तशीच मारणार आहे.

घरच मोटारींचं. वडील विल्सन हे रेडिओवरचे नावाजलेले समालोचक. मोटार शर्यतींचं धावतं वर्णन ही त्यांची खासियत. नुसतं बोलणारे नव्हेत, १९५६ मध्ये साओ पाउलोच्या इंटरलागोस ट्रॅकवर हजार मैलांची शर्यत सुरू करण्यात त्यांचा हात होता. ते स्वतः शर्यतीत उतरलेले, आणि आईसुद्धा. धाकट्या मुलाचं नाव ठेवलं अमेरिकन तत्त्वचिंतक इमर्सनवरून. आपल्याकडे पोराचं नाव विवेकानंद ठेवावं आणि त्यानं बैलगाडी शर्यतीत नाव काढावं, तसं झालं. थोरला भाऊ विल्सन, म्हणजे वडिलांचंच नाव. त्याला सगळे विल्सिन्यो म्हणत. एमर्सनला मित्र 'रातो' म्हणायचे, म्हणजे उंदीर.

हे दोघे भाऊ आधी मोटारसायकली, मग पाण्यावरून उडत जाणाऱ्या वेगवान होड्या, मग गो-कार्ट अशा क्रमानं वाढले. एका होडीनं विल्सिन्योला हवेत कोलांटी खायला लावली, तेव्हा जमिनीवरच बरं असं ठरलं. पैसे कमवायला त्यांनी गाड्यांची स्टिअरिंग व्हील बनवून विकायला सुरुवात केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातून निघतं. हा पोरगा ड्रायव्हर होण्याआधी कारखानदार होता. दोघांनी फोक्सवॅगनच्या भागांवर स्वतःच्या रेसिंग गाड्या बांधल्या, एकदा तर बीटलमध्ये दोन इंजिनं बसवली. एकविसाव्या वर्षी एमर्सन ब्राझीलचा फॉर्म्युला व्ही, म्हणजे फोक्सवॅगनच्या भागांवरच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतींचा, विजेता झाला.

१९६९ मध्ये तो इंग्लंडला गेला. इंग्रजी जेमतेम. तिथं पायरीपायरीनं चढतात: फॉर्म्युला फोर्ड, मग फॉर्म्युला थ्री, मग टू. यानं पायऱ्या दोन-दोन घेतल्या. त्याच वर्षी फॉर्म्युला थ्रीची एक मालिका जिंकली आणि पुढच्या वर्षी, १८ जुलै १९७० ला, ब्रँड्स हॅचच्या ब्रिटिश ग्रांप्रीत, म्हणजे थेट फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, तो लोटस संघाच्या गाडीत बसलेला होता. आठवा आला.

इथं मी जरा थांबणार आहे, कारण इथं यंत्राचा प्रश्न आहे आणि माझा जन्म त्यात गेला.

लोटसचा मालक कॉलिन चॅपमन हा विलक्षण अभियंता. त्याची लोटस ७२ ही गाडी पाचरीसारखी होती, पुढून निमुळती, रेडिएटर नाकातून काढून दोन्ही कुशींत बसवलेले. ब्रेक चाकांत नव्हते, ते गाडीच्या अंगात, आतल्या बाजूला होते. फायदा असा की चाकाचं वजन कमी होतं, खाचखळग्यावर चाक जमीन सोडत नाही. तोटा असा की ब्रेकचा जोर चाकापर्यंत पोचवायला मधे एक दांडा लागतो. ज्यांनी आयुष्यभर शाफ्ट तुटताना बघितलेत, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ५ सप्टेंबर १९७० ला इटलीतल्या मॉन्झाच्या सरावात लोटसचा पहिल्या क्रमांकाचा ड्रायव्हर योखेन रिंट ब्रेक लावायला गेला, पुढच्या ब्रेकचा शाफ्ट निकामी झाला, गाडी कठड्यात घुसली. रिंट गेला. गुणांमध्ये तो त्या वेळी सगळ्यांच्या पुढे होता.

लोटसनं मधली कॅनडाची शर्यत सोडली आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला उतरले, तेव्हा संघाची मदार कुणावर? तेवीस वर्षांच्या, तीनच शर्यतींचा अनुभव असलेल्या पोरावर. गाडी तीच, लोटस ७२. आपल्याकडे बॉयलरचा अपघात झाला की दुसऱ्या पाळीत त्याच बॉयलरवर उभं राहणारा माणूस मी पाहिलेला आहे. त्याचा चेहरा मला माहीत आहे. एमर्सन त्या गाडीत बसला. पुढे असलेल्या पेद्रो रॉड्रिगेसला शेवटी शेवटी इंधनासाठी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, यावं लागलं आणि चौथ्याच शर्यतीत हा जिंकला. त्या निकालामुळे रिंटच्या पाठलागावर असलेल्या फेरारीच्या जॅकी इक्सला रिंटचे गुण गाठता येणं अशक्य झालं. मेलेला माणूस जगज्जेता ठरला. फॉर्म्युला वनमध्ये असं एकदाच झालंय.

१९७१ फुकट गेलं. रस्त्यावरच्या अपघातात तो जखमी झाला, गाडीही चाचपडत होती. एकही विजय नाही.

१९७२ मात्र सोन्याचं. अक्षरशः, कारण लोटसचा रंग त्या वर्षी काळा आणि सोनेरी झाला. स्पेन, बेल्जियम, ब्रिटन, ऑस्ट्रिया अशा चार शर्यती त्यानं जिंकल्या आणि १० सप्टेंबरला मॉन्झाला पाचवी. रिंट गेला तोच ट्रॅक, दोन वर्षांनी. तिकडे जाताना वाटेत लोटसच्या गाड्यांचा ट्रक उलटला, राखीव गाडी आणावी लागली, ऐनवेळी इंधन गळायला लागलं. आणि तरी जिंकला. साओ पाउलोच्या लोकांना ही शर्यत रेडिओवर ज्या आवाजात ऐकू आली, तो आवाज त्याच्या बापाचा होता. मुलगा जगज्जेता होतोय आणि बाप माईकपुढे! वय पंचवीस. इतक्या लहान वयात कुणी जगज्जेता झालं नव्हतं आणि हा विक्रम तेहतीस वर्षं टिकला. २००५ मध्ये फर्नांडो अलोन्सोनं मोडला.

त्याची चालवण्याची पद्धत कशी होती? जुन्या फिती बघितल्या तर पहिल्यांदा निराशा होते. गाडी आडवी घालणं, धुराळा उडवणं, असलं फारसं काही दिसत नाही. त्याच्या कारकिर्दीत १४४ फॉर्म्युला वन शर्यती, १४ विजय, आणि सर्वांत वेगवान फेरी लावून पहिल्या जागेवरून सुरुवात फक्त सहा वेळा. म्हणजे एका फेरीचा राजा तो नव्हता. टायर, ब्रेक, गिअरबॉक्स यांना शेवटच्या फेरीपर्यंत जगवणारा होता. आमच्याकडे काही मिल फिटर असे असतात की त्यांच्या पाळीत काहीच घडत नाही. वरिष्ठांना वाटतं, हा बसूनच पगार घेतो. त्याच्या पाळीत काही मोडत नाही हे लक्षात यायला दोन हंगाम जातात.

१९७३ मध्ये लोटसनं रॉनी पीटरसन नावाचा स्वीडिश वादळी ड्रायव्हर सोबतीला आणला. फेब्रुवारीत इंटरलागोसला ब्राझीलची पहिली अधिकृत ग्रांप्री झाली आणि ती एमर्सननं घरच्या माणसांसमोर जिंकली. पण वर्षभर दोघांनी एकमेकांचे गुण खाल्ले. मॉन्झाला पीटरसन पुढे, हा मागे. विजेतेपदाची आशा याचीच शिल्लक होती, तेव्हा पीटरसनला बाजूला हो असं सांगणारी पाटी चॅपमन दाखवेल, अशी याची अपेक्षा. पाटी आली नाही. एका सेकंदाच्या आतल्या फरकानं हा दुसरा आला आणि त्या दिवशी जॅकी स्ट्यूअर्ट जगज्जेता झाला. वर्षअखेर फिटिपाल्डीनं लोटस सोडलं.

मॅकलारेनमध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी, १९७४ मध्ये, पुन्हा जगज्जेता. शेवटच्या शर्यतीच्या सकाळी त्याचे आणि फेरारीच्या क्ले रेगात्सोनीचे गुण सारखे होते, ५२-५२. जागा पुन्हा वॉटकिन्स ग्लेन. रेगात्सोनीची गाडी नीट चालेना, तो अकरावा. हा शांतपणे चौथा आला आणि तीन गुणांनी जिंकला. मॅकलारेनचं हे पहिलं जगज्जेतेपद. आज मॅकलारेनचं नाव घेणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या फळ्यावरची पहिली ओळ एका ब्राझिलियनानं लिहिलीय.

पुढच्या वर्षीचा एक प्रसंग सांगून साखरेकडे येतो. एप्रिल १९७५, बार्सिलोनातला मॉन्तजुइक. डोंगरावरच्या रस्त्यांचाच ट्रॅक. कडेच्या लोखंडी कठड्यांचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते, काही ठिकाणी नुसते हातानं फिरवलेले. ड्रायव्हर अडून बसले, मेकॅनिकांनी स्वतः पाने घेऊन बोल्ट आवळायला सुरुवात केली. आयोजकांनी दबाव आणला तसे एकेक जण गाडीत बसले. हा जगज्जेता मात्र नियमापुरत्या तीन फेऱ्या रमतगमत मारून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ घरी निघून गेला. शर्यत झाली. रॉल्फ श्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठडा ओलांडून माणसांत घुसली, माणसं मेली. मी निवृत्त होईपर्यंत नव्या इंजिनिअर पोरांना ही गोष्ट सांगत आलो, विशेषतः शटडाऊननंतर यंत्र चालू करायची घाई वरून होत असे तेव्हा.

आता साखर.

'असुकार' हा पोर्तुगीज शब्द, म्हणजे साखर. आपल्या 'शर्करे'चाच अरबांच्या मार्गे तिकडे गेलेला नातू. कोपरसुकार १९५९ मध्ये स्थापन झाली. एक फरक मात्र आधीच सांगतो, नाहीतर चेअरमन मंडळी घोळ करतील. आपला सहकारी कारखाना ऊस पिकवणाऱ्याच्या मालकीचा. प्रवरेपासून आपली हीच रीत. कोपरसुकार ही कारखानदारांची सहकारी संस्था. म्हणजे आपल्या कारखान्यापेक्षा ती आपल्या राज्य संघाच्या जवळची, पण पोतं विकण्यात कितीतरी पटीनं ताकदवान. १९७४ च्या अखेरीस साखरेचे जागतिक भाव आभाळाला भिडले होते. संस्थेकडे पैसा आणि उमेद दोन्ही मावत नव्हतं. पुढे तिनं अमेरिकेतली कॉफीची एक मोठी कंपनीच विकत घेतली. विल्सिन्योनं त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला की ब्राझीलची स्वतःची फॉर्म्युला वन गाडी बांधू. ते हो म्हणाले. गाडीचं अनावरण झालं ते खुद्द राष्ट्राध्यक्षांसमोर. लष्करी राजवटीचा काळ होता आणि सरकारला 'आपल्या देशात बनलेली' असं म्हणता येईल अशी प्रत्येक वस्तू हवी होती. आराखडा रिकार्दो दिविला या ब्राझिलियन तरुणाचा. १९७५ च्या जानेवारीत अर्जेंटिनात पहिली शर्यत झाली. विल्सिन्योच्या हातून गाडी आपटली आणि पेटली. तो वाचला.

त्या वर्षभर एमर्सन मॅकलारेनमध्येच होता. दोन शर्यती जिंकला, जगात दुसरा आला. वय अठ्ठावीस. दोन जगज्जेतेपदं, दोन उपविजेतेपदं, हातात उत्तम गाडी. आणि हंगाम संपल्यावर त्यानं जाहीर केलं की मी भावाच्या साखरेच्या गाडीत बसणार.

मॅकलारेनची धावपळ उडाली. त्यांनी रिकाम्या जागेवर जेम्स हंट नावाच्या इंग्रजाला घेतलं आणि १९७६ मध्ये हंट त्याच गाडीत जगज्जेता झाला. त्याच १९७६ मध्ये फिटिपाल्डीला मिळालेले गुण किती? तीन. तीनदा सहावा आला, प्रत्येकी एक. बेल्जियमला तर शर्यतीत उतरण्याइतकी वेळही तो नोंदवू शकला नाही. जगज्जेता, आणि रविवारी प्रेक्षकांत.

सगळी पुस्तकं इथं येऊन 'करिअरमधली मोठी चूक' असं लिहितात. हिशोबानं बघितलं तर चूकच. मीही ती नाकारत नाही. पण का फसलं, हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून मला बोलायचंय. गाडी साओ पाउलोत बांधायची, पण इंजिन इंग्लंडचं, कॉसवर्थ. गिअरबॉक्स इंग्लंडचा, ह्यूलँड. टायर अमेरिकन. बहुतेक शर्यती युरोपात. इंग्लंडातल्या संघाला एखादा पार्ट बदलायचा झाला तर जवळच्या वर्कशॉपमध्ये सकाळी टाकला, संध्याकाळी तयार. यांना मधे अख्खा अटलांटिक महासागर. आपल्याकडे ऐन हंगामात टर्बाइनचा एखादा भाग परदेशातून यायचा असतो आणि यार्डात उसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते, ती अवस्था यांची दर पंधरवड्याला. शेवटी बस्तान इंग्लंडला, रेडिंगला हलवावं लागलं. म्हणजे ब्राझिलियन गाडी इंग्लंडात बनायला लागली. त्यात मायदेशातली वर्तमानपत्रं. जिंकत होता तेव्हा डोक्यावर घेतलेला, आता व्यंगचित्रं. साखरेच्या गाडीला मुंग्या लागल्या, असले विनोद आपल्यालाही सुचतात. त्यांना सुचले नसतील असं मला वाटत नाही.

आणि तरीसुद्धा एक दुपार आली. २९ जानेवारी १९७८, रिओतला जाकारेपागुआ ट्रॅक, ब्राझीलचा भर उन्हाळा. चांगल्या चांगल्यांची दमछाक झाली. आपल्या फिटर पद्धतीनं गाडी जपत एमर्सन फेरारीच्या कार्लोस रॉयटेमानच्या मागे दुसरा आला. त्याच्या मागे तिसरा कोण? आदल्या वर्षीचा जगज्जेता निकी लाउडा. साखरेच्या पिवळ्या गाडीनं घरच्या मैदानावर लाउडाला मागे टाकलं! आणखी एक आकडा बघा. १९७८ च्या वर्षअखेरच्या संघांच्या तक्त्यात कोपरसुकार-फिटिपाल्डीचे गुण १७ आणि मॅकलारेनचे १५. ज्या संघाला सोडून आला म्हणून जगानं त्याला वेड्यात काढलं, तो संघ त्या वर्षी याच्या खाली होता. विल्यम्ससुद्धा खालीच. हा तक्ता कुणी दाखवत नाही. मी झेरॉक्स आणलीय, नंतर बघा.

ते टिकलं नाही. गाडीखालच्या हवेनं गाडी जमिनीला चिकटवायचं तंत्र लोटसनं आणलं, त्याची नक्कल करायला १९७९ मध्ये यांनी नवी गाडी केली आणि ती साफ फसली. वर्षभरात एक गुण. कोपरसुकारनं हात काढून घेतला. बिअरच्या कंपनीच्या पैशावर संघ आणखी काही वर्षं रेटला. गंमत म्हणजे या कंगाल संघात त्या दिवसांत कोण कोण होतं! ड्रायव्हर केके रॉसबर्ग, पुढे जगज्जेता. आराखड्याला हार्वी पोस्टलथ्वेट. आणि कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक पोरगा, ॲड्रियन न्यूई, ज्याच्या गाड्यांनी नंतर चार दशकं विजेतेपदं गोळा केली. त्याची फॉर्म्युला वनमधली पहिली नोकरी इथली. १९८० मध्ये या संघाचे गुण ११, फेरारीचे ८. मग १९८२ च्या अखेरीस कुलूप.

फॉर्म्युला वनमधल्या त्याच्या शेवटच्या मोठ्या दिवसाबद्दल दोन मिनिटं. ३० मार्च १९८०, कॅलिफोर्नियातलं लाँग बीच. एमर्सन सगळ्यात मागच्या जागेवरून निघाला. शर्यत संपली तेव्हा तिसरा. व्यासपीठावर मधल्या पायरीवर उभा होता साताठ वर्षांपासून याच्या वाटेनं येत असलेला नेल्सन पिके. त्याच्या आयुष्यातला तो पहिला विजय. एक ब्राझिलियन चढतोय, एक उतरतोय, एकाच फळीवर. आणि त्याच शर्यतीत, सरळ रस्त्याच्या टोकाला ब्रेक गेल्यामुळे रेगात्सोनीची गाडी आदळली. ५२-५२ गुण असलेला, सहा वर्षांपूर्वीचा तोच रेगात्सोनी. तो पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिला नाही. त्या वर्षाच्या शेवटी फिटिपाल्डी थांबला. वय तेहतीस.

इथं बहुतेकांची गोष्ट संपते. हा घरी गेला आणि संत्र्यांच्या बागा बघायला लागला. साओ पाउलो राज्य हे जगातलं संत्र्याच्या रसाचं मोठं कोठार. आपल्या नागपूरचं संत्रं सोलून खायचं, त्यांचं पिळून टँकरनं परदेशी धाडायचं, एवढाच फरक.

१९८४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेत उतरला. पहिली शर्यत पुन्हा लाँग बीचलाच, पाचवा आला. इंडीकार म्हणजे वेगळाच प्रकार. काही शर्यती शहरी रस्त्यांवर, पण मुख्य मान ओव्हल ट्रॅकचा, म्हणजे लंबवर्तुळ, सतत डावीकडे वळत राहायचं आणि बाजूला काँक्रीटची भिंत. वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर. तिथं चूक केली तर वाळूत जाऊन थांबायची सोय नाही. १९८५ मध्ये मिशिगनची पाचशे मैलांची शर्यत जिंकून त्यानं दाखवून दिलं की हा पेन्शनीवर आलेला माणूस नाही.

२८ मे १९८९, इंडियानापोलिस ५००. दोनशे फेऱ्या, आठशे किलोमीटर. शेवटून दुसऱ्या फेरीत पुढे अल अन्सर ज्युनिअर, मागे हा. समोर मागे पडलेल्या गाड्या आल्या, अन्सर अडकला, यानं आतल्या बाजूनं नाक घातलं. तिसऱ्या वळणात चाकाला चाक लागलं. अन्सर गरगरत भिंतीवर, याची गाडी हलली आणि सरळ झाली. ज्यानं वीस वर्षं गाडी जपून चालवली, त्यानं बेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातला सगळ्यात मोठा जुगार शेवटच्या दोन फेऱ्यांत खेळला. मला हे त्याच्या स्वभावाशी जुळवता येत नाही आणि मी जुळवायचा प्रयत्नही सोडून दिलाय. अन्सर गाडीतून उतरून ट्रॅकच्या कडेला आला. आता मूठ दाखवणार, असं सगळ्यांना वाटलं. विजेता पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे सगळ्यांनी हळू चालवायच्या इशाऱ्याखाली, सावकाश समोरून गेला, तेव्हा अन्सरनं दोन्ही अंगठे वर केले. त्या वर्षीची मालिकाही फिटिपाल्डीनं जिंकली.

आणि १९९३. पुन्हा इंडियानापोलिस. समोर आरी लायेन्डाइक आणि फॉर्म्युला वनचा मावळता जगज्जेता नायजेल मॅन्सेल. शेवटच्या फेऱ्यांत पिवळा झेंडा उठून शर्यत पुन्हा सुरू झाली, त्या क्षणी यानं मॅन्सेलला गाफील पकडलं आणि पुढे निघून गेला. सेहेचाळिसावं वर्ष.

आता तिथली रीत ऐका. इंडियानापोलिसचा विजेता दूध पितो. १९३६ मध्ये लुई मेयर नावाच्या विजेत्यानं, आईनं उन्हात प्यायला शिकवलेलं म्हणून, ताक मागितलं. ताक बरं का! दूधवाल्यांनी ते हेरलं आणि पुढे दुधाच्या बाटलीची प्रथाच पडली. लाखो लोक टीव्हीवर ते बघायला थांबतात. १९९३ मध्ये दुधाची बाटली समोर आली. फिटिपाल्डीनं ती बाजूला ठेवली आणि संत्र्याचा रस काढला. मी संत्री पिकवतो, आमच्या ब्राझीलच्या संत्र्याचा प्रचार करतोय, असा त्याचा भाव. नंतर दुधाचा घोटही घेतला, पण तोवर कॅमेरे वळले होते. अमेरिका खवळली. पुढची शर्यत नेमकी विस्कॉन्सिनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दुधाच्या राज्यात. तिथं नाव पुकारल्यावर हुर्यो. त्याला माफी मागावी लागली.

विनोदी वाटतं, पण मी जरा त्याची बाजू घेणार. दुधाची बाटली पुढे करणारा दूधसंघ जाहिरातच करत होता. फक्त ती जाहिरात जुनी झाल्यामुळे तिला परंपरा म्हणत होते. यानं आपल्या बागेचा माल पुढे केला. गोकुळच्या कार्यक्रमात जाऊन कुणी संत्र्याचा रस काढला, तर आपणही चिडू, हे मात्र मान्य. (हशा)

पुढचं भराभर सांगतो. सेनालाही इंडीकारकडे ओढायचा त्याचा प्रयत्न होता. १९९२ च्या डिसेंबरात ॲरिझोनात त्यानं सेनाला आपल्या पेन्स्की संघाची गाडी चालवून बघायला लावली. सेना आला नाही. मे १९९४ मध्ये साओ पाउलोत सेनाची शवपेटी वाहणाऱ्यांत फिटिपाल्डी होता. त्याच महिन्याच्या अखेरीस इंडियानापोलिसला तो तब्बल १४५ फेऱ्या आघाडीवर राहिला आणि आपल्याच संघातल्या अन्सरला एका फेरीनं मागे टाकायच्या नादात, गरज नसताना, भिंतीवर गेला. जिंकला अन्सर. पुढच्या वर्षी तर पेन्स्कीच्या दोघांनाही पात्रता फेरीतच घरी जावं लागलं. जुलै १९९६ मध्ये मिशिगनला पहिल्याच फेरीत अपघात, मानेचा मणका मोडला. कारकीर्द तिथं संपली. इंडीकारमध्ये बावीस विजय. वर्षभरानं बागेवरून छोटं विमान उडवताना ते कोसळलं, पाठीला इजा, सोबत लहान मुलगा. दोघेही वाचले. त्याचा पुतण्या क्रिस्तियान आणि नातू पिएत्रो फॉर्म्युला वनपर्यंत पोचले. साखरेच्या गाडीचं स्वप्न आधी बघणारा विल्सिन्यो २०२४ च्या फेब्रुवारीत गेला.

आता शेवटचं सांगतो आणि बसतो. २००८ मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीआधी सगळ्या गाड्यांच्या पुढे धावणारी पेस कार चालवण्याचा मान त्याला मिळाला. पंधरा वर्षं उलटली होती. प्रेक्षकांतून पुन्हा हुर्यो! दूधवाले विसरत नाहीत.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, इंडीकारच्या गाड्यांना इथेनॉल पुरवण्याचं कंत्राट ब्राझीलच्या ऊस उद्योगाच्या संघटनेकडे गेलं. म्हणजे त्या मे महिन्यात इंडियानापोलिसला ज्या तेहतीस गाड्या धावल्या, त्या उसावर धावल्या. मक्यावाले अमेरिकन शेतकरी कुरकुरले, पण टाकीला कोण हुर्यो करणार? आणि जिंकला कोण, तर एलिओ कास्त्रोनेवेस. तोही ब्राझिलियन, वाढला रिबेराव प्रेतोला. नकाशात बघा, चहूबाजूंनी ऊसच ऊस.

त्यानं मात्र दूध घेतलं.